अवॉर्ड: मिळतो की होतो?

आपल्याकडे ‘अवॉर्ड’ हा शब्द दोन क्रियापदांवर चालतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलीला अवॉर्ड मिळतो. बायपासमध्ये शेत गेलं की त्या शेताचा अवॉर्ड होतो, म्हणजे सरकारी अधिकारी त्याच्या भरपाईचा आकडा ठरवतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा शेतकरी बोलताना ही गल्लत कधी करत नाही. ‘जमिनीला अवॉर्ड मिळाला’ असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘अवॉर्ड झाला’, ‘अवॉर्ड पास झाला’ असंच ऐकतो. जिभेला फरक ठाऊक असतो. पण हातात कागद पडला की तो फरक निसटतो, कारण बक्षिसाचा अर्थ मनात फार घट्ट बसलेला आहे आणि दुसऱ्या अर्थालाही त्याचाच रंग चढतो. साहेबांनी काहीतरी दिलंय, जायचं, सही करायची, घेऊन यायचं.

मी बेळगावात वकिली करतो. या एका शब्दापायी झालेलं नुकसान मात्र मी वकील होण्याआधी घरातच पाहिलं. मी कॉलेजात असताना माझ्या मामाची दोन एकर भाताची जमीन रस्त्यात गेली. नोटीस आली ती कन्नडमध्ये. त्यात ‘ऐतीर्पू’ असा एक शब्द होता आणि दोन-तीनदा ‘परिहार’ आलं होतं. मामाला कन्नड बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, “अवॉर्ड झालाय गा तुझा. पैसे न्यायला बोलावलंय.” मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला, दाखवलेल्या जागी सही केली आणि चेक घेऊन आला. घरात त्या दिवशी गोड केलं होतं.

त्याच रस्त्यात वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याचीही जमीन गेली होती. सही करताना त्यानं सहीशेजारी दोनच शब्द जास्तीचे लिहिले होते, ‘अंडर प्रोटेस्ट’. त्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे त्याची भरपाई वाढली. मामाला ते कळलं दोन वर्षांनी, बांधावर बोलता बोलता. तोवर मामाचे दोन्ही दरवाजे बंद झाले होते. ते दरवाजे कोणते, हे सांगण्यासाठीच मुळात हा लेख लिहायला घेतला. पण शब्दाचं मूळ कळलं तर कायदा समजायला सोपा जातो, म्हणून आधी तिकडे जाऊ.

इंग्रजीत हा शब्द नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आला, चौदाव्या शतकाच्या सुमारास. उत्तर फ्रान्सच्या बोलीत ‘एस्वार्देर’ असं क्रियापद होतं. त्यातला ‘एस्’ म्हणजे लॅटिनमधला ‘एक्स’, बाहेर या अर्थाचा. ‘वार्देर’ म्हणजे नजर ठेवणं, राखणं, आणि हा तुकडा जर्मॅनिक भाषांतून फ्रेंचमध्ये शिरलेला. दोन्ही मिळून अर्थ होतो तो नीट निरखून पाहणं, आणि निरखून पाहिल्यावर ठरवणं. इंग्रजीत हा शब्द रुजला तो याच अर्थानं. दोघांचा वाद आहे, तिसऱ्यानं दोन्ही बाजू पाहिल्या आणि कोणाला काय द्यायचं ते ठरवलं, तो अवॉर्ड. कप, ढाल, प्रशस्तिपत्र हे सगळं मागाहून आलं. परीक्षकांनी पाहून ठरवलं म्हणून बक्षीसही अवॉर्ड झालं. म्हणजे आपण ज्याला मुख्य अर्थ समजतो तो शब्दाचा धाकटा अर्थ आहे, आणि जमिनीच्या कागदावर येतो तो थोरला.

या शब्दाचे भाऊबंद आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. उत्तरेकडच्या फ्रेंच बोलीत जिथं ‘व’ राहिला तिथं पॅरिसकडच्या बोलीत ‘ग’ झाला, आणि इंग्रजीनं दोन्हीकडचे शब्द उचलले. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी, रिवॉर्ड आणि रिगार्ड अशा जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीत दोन सख्खी भावंडं आहेत. ‘वॉर्ड’ हा शब्द इंग्रजीचा घरचाच, पण त्याच जर्मॅनिक मुळाचा. बेळगाव महापालिकेचे 58 वॉर्ड, हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड, एटीएमबाहेरचा सिक्युरिटी गार्ड, सगळीकडे तीच राखण आहे, तीच नजर आहे. अक्षर बदलून शब्द दुसऱ्या गावचा होतो हे आपल्याला नवीन नाही. रट्ट राजांच्या काळातल्या कोरीव लेखांत आपल्या शहराचं नाव वेणुग्राम असं येतं आणि आपण बेळगाव म्हणतो.

रिवॉर्ड आणि अवॉर्ड यांतला फरकही इथंच सांगून टाकतो, कारण मुलांना परीक्षेत हमखास विचारतात. हरवलेली बॅग आणून दिली म्हणून मिळतो तो रिवॉर्ड, म्हणजे कामाची परतफेड. अवॉर्डला मधे ठरवणारा माणूस लागतो. तो नसेल तर अवॉर्ड नाही.

मराठीत यासाठी शब्द आहे निवाडा. महाराष्ट्रातल्या भूसंपादनाच्या कागदांवर आजही ‘निवाडा’ असंच छापलेलं असतं. सीमेच्या अलीकडे आपण तो शब्द कागदावरून गमावला, कारण कागद कन्नड झाले आणि बोलण्यात इंग्रजी राहिलं. मला ही गोष्ट फार लागते. निवाडा हा शब्द निवडण्यातून आलाय, आणि निवडणं काय असतं हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझी आजी दुपारी ओसरीवर सूप घेऊन बसायची. तांदळाची एक मूठ पुढे ओढायची, बोटानं पसरायची, आणि मान वाकडी करून उजेडाकडे पाहत एकेक खडा, एकेक काळा दाणा बाजूला काढायची. घाई केली तर जेवताना दाताखाली यायचाच. निवाडा तसा असतो. खरं एकीकडे, खोटं एकीकडे, आणि हे करताना नजर हलवायची नाही. इंग्रजी शब्दाच्या पोटात निरखणं आहे आणि मराठी शब्दाच्या पोटात निवडणं. तेव्हा एकमेकांना न भेटलेल्या दोन भाषांनी एकाच कामाला इतकी जवळची नावं दिली याचं मला अजून नवल वाटतं.

निवाड्याची जुनी रीतही समजून घेण्यासारखी आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे वाद नेताना दोन्ही पक्ष आधी लिहून देत की तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. त्या कागदाला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा नामा. आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं, पण मूळ कागद संमतीचा होता. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि तो सरकारात हरकी, म्हणजे वाद जिंकल्याचा नजराणा, भरी. हरणारा येजितखत लिहून देई, म्हणजे मी हरलो, पुन्हा हा वाद उकरणार नाही, असं स्वतःच्या नावानं कबूल करी. संमती आधी, निरखणं मधे, बंधन शेवटी. अवॉर्डचे आजचे सगळे प्रकार या तीन गोष्टींवर घासून पाहता येतात. कुठल्या अवॉर्डला तुमची संमती लागते आणि कुठल्याला लागत नाही, यावरच पुढची वाट अवलंबून असते.

आता जमिनीचा अवॉर्ड. इथं तुमची संमती कोणी विचारत नाही. पूर्वी 1894 चा भूसंपादन कायदा होता, आता 2013 चा आहे. प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग जाहीरनामा येतो, चौकशी होते आणि कलम 23 खाली अधिकारी अवॉर्ड करतो. त्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात. जमीन नेमकी किती, तिची भरपाई किती, आणि ती कोणाकोणात कशी वाटायची. या तिसऱ्या गोष्टीकडे आपल्या घरांत फारसं कोणी बघत नाही. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, वारसा लागलेला नाही, बहिणींची नावं चढलेलीच नाहीत, आणि अवॉर्ड होतो तेव्हा पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, जे नाव आहे त्यालाच नोटीस जाते. मग भावाभावांत आणि भावाबहिणींत जे सुरू होतं ते रस्ता होऊन डांबर उखडलं तरी संपत नाही. शेतात दगड रोवले जाण्याची वाट न बघता उतारा आधी नीट करून घ्यावा.

भरपाईच्या आकड्याबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की, हा अवॉर्ड कोर्टाचा निकाल नाही. सुप्रीम कोर्टानं 1961 मध्ये राजा हरिश्चंद्र राज सिंह यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगून ठेवलंय. अधिकाऱ्याचा अवॉर्ड म्हणजे सरकारच्या वतीनं जमीनमालकापुढे ठेवलेला प्रस्ताव. आम्ही इतके द्यायला तयार आहोत, एवढाच त्याचा अर्थ. सरकारला त्या आकड्यानं बांधून घेतलेलं असतं, तुम्हाला नाही. तुम्ही तो नाकारू शकता, किंवा पैसे घेऊनही भांडू शकता. पण पैसे घेताना तसं सांगावं लागतं.

तो मामाचा पहिला दरवाजा. जुन्या कायद्यात कलम 31 होतं, नव्यात 77 आहे, मजकूर तोच. भरपाई पुरेशी नाही अशी हरकत राखून पैसे घेता येतात. हरकत न राखता पैसे घेतले तर ती वाढवून मागण्याचा अर्ज करता येत नाही. ‘अंडर प्रोटेस्ट’ हे शब्द म्हणजे निषेधाची घोषणा नव्हे, मोर्चा नव्हे, कोणाचा अपमान तर नव्हेच. पैसे घेतो, पण माझा हक्क जिवंत ठेवून घेतो, एवढंच ते सांगतात. माझा मामा पापभीरू माणूस. साहेबासमोर ‘प्रोटेस्ट’ असलं काही लिहायचं धाडस त्यानं केलं असतं का, मला माहीत नाही. पण त्याला ते लिहायचं असतं हे सांगायलाच कोणी नव्हतं.

दुसरा दरवाजा त्याहून कमी लोकांना माहीत असतो. एकाच अधिसूचनेत गेलेल्या जमिनींपैकी एकानं कोर्टातून भरपाई वाढवून घेतली, तर बाकीच्यांनाही त्या आधारावर वाढ मागता येते, त्यांनी स्वतः आधी अर्ज केलेला नसला तरी. जुन्या कायद्यात हे कलम 28ए होतं, नव्यात कलम 73. मुदत तीन महिने, शेजाऱ्याच्या निकालाच्या तारखेपासून. गंमत अशी की त्या निकालालाही कायद्यात अवॉर्डच म्हणतात. म्हणजे एक अवॉर्ड अधिकाऱ्याचा, तो प्रस्ताव. त्यावर दुसरा अवॉर्ड कोर्टाचा, तो खरा निवाडा. शब्द एक, वजन वेगळं. मामाला शेजाऱ्याच्या वाढीची बातमी कळली तेव्हा तीन महिने कधीच उलटून गेले होते.

आता तारखांचा हिशेब. नव्या कायद्याप्रमाणे अवॉर्ड झाला तेव्हा तुम्ही हजर असाल, तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांत कलम 64 खाली अर्ज द्यायचा. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा अवॉर्डपासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर पुढे वर्षभरापर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. जुन्या कायद्यात कर्नाटकाची स्वतःची दुरुस्ती होती आणि मुदत वेगळी होती, म्हणून जुन्या कागदाला नवा हिशेब लावू नका. राष्ट्रीय महामार्गाची तर वाटच निराळी. 1956 च्या महामार्ग कायद्याखाली जमीन गेली असेल, तर भरपाईचा आकडा मान्य नसणाऱ्यानं केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे जायचं असतं. राष्ट्रीय महामार्गाला जमीन गेलेल्या माणसाला राज्याच्या रस्त्यात जमीन गेलेल्याचा सल्ला लागू पडेलच असं नाही, दोघांच्याही कागदावर अवॉर्डच लिहिलेलं असलं तरी. म्हणून माझ्याकडे कोणी कागद घेऊन आला की मी आकडा नंतर बघतो. आधी कायद्याचं नाव, मग तारीख, मग पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. पाकीट फेकून देऊ नका म्हणून मी घसा फोडून सांगतो.

कन्नड कागदाबद्दल थोडं. ‘तीर्पू’ म्हणजे निकाल, ‘ऐतीर्पू’ म्हणजे अवॉर्ड, ‘भूस्वाधीन’ म्हणजे भूसंपादन. ‘परिहार’ म्हणजे भरपाई. या शेवटच्या शब्दानं आपल्या लोकांची फार फसगत होते, कारण मराठीत परिहार म्हणजे निरसन. शंकेचा परिहार, दोषाचा परिहार. त्यामुळे ‘परिहार’ वाचून एका गृहस्थांना वाटलं होतं की तक्रारीचं निवारण झालं, आता काही करायचं उरलं नाही. लिपी ओळखीची आणि शब्दही ओळखीचा, पण अर्थ दुसराच. न येणाऱ्या शब्दापेक्षा असा अर्धा ओळखीचा शब्द जास्त घात करतो.

लोकअदालतीचा अवॉर्ड याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथं दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय अवॉर्ड होऊच शकत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 नुसार तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, अंतिम असतो, आणि त्यावर अपील नसतं. कोर्ट फी परत मिळते. राजीनामा लिहून पंचांपुढे बसण्याची जुनी रीत आज कुठं जिवंत असेल तर ती इथं. कन्नडमध्येही तडजोडीला ‘राजी’च म्हणतात, आणि बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मराठी पक्षकारसुद्धा ‘राजी झाली’ असंच सांगत घरी जातात.

पण याचं गांभीर्य ओळखून सही करायला हवी. अपघाताचं उदाहरण घेऊ. मोटार अपघात न्यायाधिकरणानं साक्षीपुरावे घेऊन भरपाई ठरवली तर तोही अवॉर्ड, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 खालचा. तो कमी वाटला तर 90 दिवसांत हायकोर्टात, आपल्यासाठी धारवाड खंडपीठात, अपील करता येतं. तेच प्रकरण, तोच आकडा, पण लोकअदालतीत तडजोडीनं ठरला, तर अपील नाही. मी एक तरुण पाहिलाय. पायात रॉड घातलेला, घरात पैशाची नड, तडजोड करून मोकळा झाला. आठ महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तेव्हा तो ‘अवॉर्ड वाढवून घ्यायला’ आला होता. त्याच्या आतेभावाचा वाढला होता, तोही अवॉर्डच होता. त्याला समजावताना मला शब्द सुचेनात. लोकअदालत चांगली आहे, मी स्वतः लोकांना तिथं पाठवतो, वर्षानुवर्षांचे बांधाचे वाद तिथं एका दुपारी मिटताना पाहिलेत. फक्त सही करण्याआधी डॉक्टरला विचारा, पुढचा खर्च काय. आणि भूसंपादनाच्या प्रकरणात आणखी एक लक्षात असू द्या. शेजाऱ्यानं लोकअदालतीत भरपाई वाढवून घेतली असेल, तर तिच्यावर बोट ठेवून 28ए खाली तुम्हाला वाढ मागता येत नाही. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये तसं ठरवलंय, कारण ती तडजोड आहे, कोर्टानं निरखून केलेला निवाडा नव्हे.

तिसरा प्रकार हल्ली खेड्यांत नव्यानं पोहोचतोय, लवादाचा अवॉर्ड. ट्रॅक्टर किंवा टेम्पोसाठी कर्ज काढताना पंधरा-वीस ठिकाणी सह्या होतात. त्यात एका पानावर लिहिलेलं असतं की वाद झाला तर लवादाकडे जायचं. हप्ते थकतात, आणि एक दिवस लांबच्या शहरातून जाड पाकीट येतं, इंग्रजीत, वर ‘अवॉर्ड’ असं लिहिलेलं. माणूस म्हणतो, मी तर कुठं गेलोच नाही, कोणापुढं उभा राहिलो नाही, मग माझ्याविरुद्ध निकाल कसा? संमती त्यानं दिली होती, कर्जाच्या दिवशी, न वाचता. 1996 च्या लवाद कायद्यात अशा अवॉर्डला कलम 34 खाली आव्हान देता येतं, पण सही केलेली प्रत हातात पडल्यापासून तीन महिन्यांत. पुरेसं कारण असेल तर आणखी 30 दिवस, त्याच्यापुढे कोर्टही काही करू शकत नाही. मुदत गेली की तो हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो. आणि आव्हान देण्यासारखं बऱ्याचदा असतं. वादाच्या निकालात ज्याचा स्वतःचा स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलंय. पाकीट उघडून कपाटात ठेवून दिलं तर मात्र हे काहीच कामाला येत नाही.

बँकेत काम करणाऱ्यांनी ‘अवॉर्ड स्टाफ’ हा शब्द ऐकला असेल. क्लार्क आणि शिपाई यांना तसं म्हणतात. त्यांनी बक्षीस पटकावलेलं नसतं. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचे आणि कामाच्या अटींचे वाद न्यायाधिकरणांपुढे गेले आणि 1953 चा शास्त्री अवॉर्ड, 1962 चा देसाई अवॉर्ड असे निवाडे झाले. त्या निवाड्यांनी ज्यांच्या सेवाशर्ती ठरल्या तो अवॉर्ड स्टाफ.

आणि पाणी. कणकुंबीला पावसाळ्यात उभं राहिलं की पायाखालचं पाणी दोन समुद्रांना जाताना दिसतं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते आणि पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. पलीकडच्या उताराचं पाणी म्हादईत उतरतं, गोव्यात तिची मांडवी होते आणि अरबी समुद्र जवळ करते. कळसा आणि बंडुरी हे नाले या पलीकडच्या बाजूचे, आणि त्यांचं पाणी अलीकडे मलप्रभेत आणायचं की नाही हा वाद. 2010 मध्ये न्यायाधिकरण नेमलं गेलं. 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याचा निर्णय आला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 3.9 टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी. सगळेजण त्याला म्हादई अवॉर्ड म्हणतात. पण 1956 च्या आंतरराज्य नदी पाणी विवाद कायद्यात अवॉर्ड हा शब्द या अर्थी नाही, तिथं अहवाल आणि निर्णय असे शब्द आहेत, आणि म्हादईच्या कागदावरही ‘रिपोर्ट कम डिसिजन’ असंच आहे. हा निर्णय राजपत्रात छापला गेला की त्याला सुप्रीम कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं. म्हादईचा राजपत्रात आला 27 फेब्रुवारी 2020 ला. तरी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या याचिका सुप्रीम कोर्टात होत्याच. कृष्णेच्या दुसऱ्या न्यायाधिकरणाचा निर्णय 2010 आणि 2013 मध्ये येऊनही सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीमुळे राजपत्राच्या दारात अडला. त्यामुळे कोणी ‘अवॉर्ड झाला, पाणी आलं’ म्हणालं तर राजपत्राची तारीख विचारावी.

जाता जाता सीमेबद्दल बोलणं भाग आहे, कारण आपल्या चौकातल्या चर्चेत ‘महाजन अवॉर्ड’ असा शब्द सर्रास येतो. मेहरचंद महाजन हे देशाचे माजी सरन्यायाधीश. त्यांचा आयोग केंद्रानं 1966 मध्ये नेमला आणि 1967 मध्ये त्यांनी अहवाल दिला. अहवाल म्हणजे शिफारस. कर्नाटकानं तो मान्य केला, महाराष्ट्रानं नाकारला, आणि 2004 मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेलं. कोणाला काय वाटावं हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण दोन्ही बाजूंनी बोलताना अहवालाला अवॉर्ड म्हणू नये, कारण तसं म्हटलं की शिफारशीला निवाड्याचं वजन येतं. शब्दानं असं वजन चढवता येतं हे इतिहासालाही माहीत आहे. 16 ऑगस्ट 1932 ला ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी मतदारसंघांच्या वाटणीचा निर्णय जाहीर केला. तो कम्युनल अवॉर्ड म्हणून ओळखला गेला, जणू लवादापुढे सगळ्यांनी राजीनामे लिहून दिले होते. मराठी इतिहासात त्याला जातीय निवाडा म्हणतात. महिनाभरानंतर, 24 सप्टेंबरला, येरवड्यात पुणे करार होऊन तो बदलावा लागला.

मामा आता नाही. त्याच्या मागे उरलेल्या अर्ध्या एकराला दुसऱ्या रस्त्याची नोटीस आली, तेव्हा मामेभाऊ ती घेऊन माझ्याकडे आला. पाकिटासकट आला होता, ते पाहूनच मला बरं वाटलं. आम्ही दोघांनी मिळून कायद्याचं नाव शोधलं, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली, आणि बहिणीचं नाव उताऱ्यावर चढवायचा अर्ज त्याच दुपारी दिला. पैसे घ्यायचा दिवस आला तेव्हा मी त्याला एका चिठ्ठीवर कन्नड अक्षरांत एक ओळ लिहून दिली, बघून तशीच गिरवायला: ‘आक्षेपणेयोंदिगे परिहार स्वीकरिसिद्देने.’ हरकत राखून भरपाई घेतली आहे. साहेबांनी ती वाचली, मान हलवली आणि पावती पुढे सरकवली. भावानं ओळ गिरवली, खाली मराठीत सही केली, आणि पावतीची झेरॉक्स घेऊनच बाहेर आला.